परिचारक बाप होतो तेव्हा



दवाखान्यात तुम्ही केव्हा ना केव्हा गेलाच असाल. तिथे रोग्याची शुश्रूषा करणाऱ्या बाईला आपण 'सिस्टर' म्हणतो. तेच काम करणारा पुरुष असला तर त्याला 'ब्रदर' म्हणतात. सरकारी कागदावर त्याचे नाव परिचारक. गावाकडची माणसे या ब्रदरला कधी डॉक्टर समजतात, कधी कंपाउंडर समजतात, आणि खरे कळले की जरा चकित होऊन विचारतात, "म्हणजे तुम्ही नर्सचं काम करता होय?" मी हे काम गेली बारा वर्षे करतो आहे. दोन वर्षांपूर्वी मी बाप झालो. रोग्यांची सेवा हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्या घरी पाळणा हलतो तेव्हा त्याला काय काय उमगते, आणि त्यातले तुमच्या उपयोगी पडेल असे काय, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. शुश्रूषा हे बायकांचे काम, अशी आपली समजूत आहे. ती फार जुनी आहे असे आपण मानतो, पण तसे नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. हा उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ राहून त्याची सेवा करणारा माणूस. त्याच्या अंगी चार गुण हवेत असे चरक म्हणतो. उपचारांचे ज्ञान, हाताची दक्षता, रोग्याविषयी ओढ आणि स्वच्छता. शिक्षकबंधूंनी लक्षात घ्यावे, हा शब्द पुल्लिंगी आहे. आधुनिक काळात फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनमध्ये परिचर्येची शाळा काढली आणि या कामाला शिस्त, शिक्षण व मान मिळवून दिला. तेव्हापासून हा व्यवसाय मुख्यतः स्त्रियांचा झाला. इंग्लंडात १९१९ साली परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला, तेव्हा पुरुषांची यादी वेगळी ठेवली होती. ती १९४९ पर्यंत वेगळीच राहिली. आपल्याकडेही परिचर्येच्या शाळेत मुलगे आले तरी पूर्वी त्यांना बाळंतपणाच्या विषयाऐवजी दुसराच विषय देत. म्हणजे पुरुष रोग्याची जखम बांधील, पण पाळण्याजवळ त्याचे काम नाही, असा तो हिशेब.

घरोघरीही हिशेब तोच आहे. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. नवरा आपल्या गावी शेतावर नाहीतर नोकरीवर. बाळंतपण होते, फोन येतो, आणि इकडून विचारणा होते, "पेढे की जिलेबी?" बापाचा सहभाग तेवढाच. बारशाला तो जातो तेव्हा पोर बारा दिवसांचे झालेले असते. यात कोणाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. माहेरी लेकीला विसावा मिळतो, हे खरेच. पण ज्या दिवसांत बाळाचे आणि आईचे जीव सर्वांत नाजूक असतात, त्याच दिवसांत घरातला एक धडधाकट माणूस लांब उभा असतो, हेही तितकेच खरे.

आता परिचारकाचे ऐका. घरी दिवस राहिल्याची बातमी कळली की कोणताही बाप आनंदतो. परिचारकही आनंदतो, पण त्याच्या आनंदाला लगेच हिशेब चिकटतो. त्याने फार पाहिलेले असते. रक्त कमी असलेली बाळंतीण पाहिलेली असते, झटके आलेली पाहिलेली असते, मुठीएवढे मूल पाहिलेले असते. बायको नुसती "डोकं दुखतंय हो" म्हणाली की दुसरा नवरा चहा करून देईल. हा रक्तदाबाचे यंत्र शोधायला लागतो. माझी पत्नी मला एकदा म्हणाली, "अहो, मी तुमची पेशंट नाही." तिचे म्हणणे रास्त होते. ज्ञानाने भीती जात नाही, असे मला तेव्हा दिसले. परंतु भीतीला कामाला लावता येते, आणि ते आम्ही लावले.

ते कसे, ते सांगतो. एक वही केली. गरोदरपणात निदान चार तपासण्या व्हायलाच हव्यात. त्या प्रत्येक तपासणीचे वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन त्या वहीत उतरवले. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस घ्यायची असते. गोळीने मळमळते म्हणून अनेकजणी ती खिडकीतून टाकून देतात. ती रात्री जेवणानंतर घेतली तर बहुधा सोसते, आणि चहाबरोबर मुळीच घ्यायची नाही, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर धोक्याची लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहिली : अंगावरून रक्त जाणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडावर व हातांवर सूज, झटके, ताप, पाणमोट फुटणे, पोटातल्या बाळाची हालचाल मंदावणे. यातले एकही दिसले तर वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करायचा. पत्नी माहेरी निघाली तेव्हा ती वही तिच्या पिशवीत गेली. सासूबाईंना, मेहुणीला आणि तिथल्या आशाताईंना ते शेवटचे पान मी वाचून दाखवले. सासूबाई हसल्या, म्हणाल्या, "जावईबापू, आम्ही का बाळंतपणं केली नाहीत?" मीही हसलो, पण पान वाचून पुरे केले.

त्या पानाचा उपयोग तेहतिसाव्या आठवड्यात झाला. मध्यरात्री पत्नीचे डोके फार दुखू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. मेहुणीने वही काढली, आशाताईंना हाक मारली, गाडी बोलावली. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजला तर तो पार चढलेला. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचे इंजेक्शन, आणि दिवस भरण्याआधी मूल जन्माला आले तर त्याची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून दुसरे इंजेक्शन, अशी दोन्ही देऊन तिला पुढे मोठ्या रुग्णालयात नेले.

मला फोन आला तेव्हा मी साठ मैलांवर रात्रपाळीला होतो. वॉर्डात बत्तीस रोगी आणि त्यांच्यावर मी एकटा. श्रोतेहो, शेतकऱ्याला औत सोडून जाता येते, दुकानदाराला फळी लावता येते. परिचारकाला दुसऱ्याच्या हाती चार्ज दिल्याशिवाय जागा सोडता येत नाही. आवारातच राहणाऱ्या एका सिस्टरना मी फोन केला. त्यांची ड्यूटी सकाळची होती. त्या चाळीस मिनिटांत येऊन उभ्या राहिल्या. ती चाळीस मिनिटे मी काय केले? दोनचे इंजेक्शन दोन वाजता दिले, एकाचे सलाइन बदलले, एका म्हाताऱ्या बाबांना लघवीचे भांडे दिले. मन तिकडे होते आणि हात इकडे होते. शिकताना हाताला लावलेली सवय अशा वेळी माणसाला सावरते. सिस्टरना एकेका खाटेचा तपशील सांगितला, वहीवर सही केली आणि मग निघालो.

पहाटे शस्त्रक्रिया होऊन मुलगी झाली. वजन एक किलो सातशे ग्रॅम. अडीच किलोच्या खालचे मूल कमी वजनाचे समजतात. ही तर त्याहूनही पुष्कळच हलकी. रडली चांगली, पण अंग गार पडत होते. आईचा रक्तदाब अजून उतरला नव्हता, तिला उठून बसण्याचीही मनाई होती. नवजात बालकांच्या कक्षातल्या सिस्टर बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "दादा, बाळ स्थिर आहे. आईला दोन दिवस तरी घेता येणार नाही. तुम्ही घेता का छातीशी? मग हात धुवा आणि शर्ट काढा."

इथे जरा थांबून या उपचाराची हकीगत सांगायला हवी. त्याला कांगारू मातृसेवा म्हणतात. कांगारू हा ऑस्ट्रेलियातला प्राणी आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवतो, त्यावरून हे नाव पडले. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. त्याच्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात ऊब देणाऱ्या पेट्या कमी पडत. एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन मुले ठेवावी लागत आणि एकाचा आजार दुसऱ्याला होई. तेव्हा त्यांनी मुलांना आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली, पुढे डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी ते काम वाढवले. निकड म्हणून केलेला उपाय पेटीच्या तोडीचा ठरला. आपल्या देशासह पाच देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतली मुले, प्रकृती पुरती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच छातीशी धरली. त्यांच्यात पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. लक्षात घ्या, यात औषध काही नाही. ऊब, आईचे दूध आणि माणसाची छाती, एवढेच भांडवल.

कृती अगदी सोपी आहे. बाळाच्या डोक्याला टोपडे, पायांत मोजे आणि कमरेला लंगोट. बाकी अंग उघडे. आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीवर बाळ उभे धरायचे, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली, म्हणजे नाक मोकळे राहते. वरून मऊ लुगड्याने किंवा ओढणीने बांधून घ्यायचे. आपण पाठीशी उशा घेऊन कलते बसायचे. एकदा बाळ घेतले की निदान एक तास तरी खाली ठेवायचे नाही. आणि दिवसाचे तास आठापासून पुढे जितके वाढवता येतील तितके वाढवायचे.

मी बसलो. काखेत थर्मामीटर लावला तेव्हा बाळाचे तापमान ३६.१ अंश होते. ते साडेछत्तीसच्या वर हवे. तासाभराने ३६.७ झाले. मी तापमानाचे आकडे आयुष्यभर लिहीत आलो आहे, पण तो आकडा मला आजही पाठ आहे. सासूबाई काचेतून पाहत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "बाप्यामाणसानं असं उघडं बसायचं? कुणी बघितलं म्हणजे?" दुसऱ्या दिवशी त्यांनीच आपले जुने मऊ लुगडे फाडून आणले आणि मला म्हणाल्या, "हे घ्या. तुमचं फडकं जाड आहे, पोरीला टोचत असेल." तिसऱ्या दिवशी आई उठून बसली आणि लेक आपल्या हक्काच्या जागी गेली. तोवर आईचे काढलेले दूध मी वाटीचमच्याने थेंबथेंब पाजत होतो.

बापाची छाती सपाट, तिथे दूध नाही. पण ऊब तितकीच आहे. हे मी रोग्यांच्या नातेवाइकांना पूर्वीही सांगत होतो. आता ते मी स्वतःच्या अंगावर अनुभवले आहे.

घरी आल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला. मी वॉर्डात काम करतो. तिथे क्षयाचे रोगी असतात, चिघळलेल्या जखमा असतात. तिथून येऊन दोन किलोच्याही आतल्या मुलीला उचलायचे कसे? इथे मला डॉ. सेमेलवाइस यांची आठवण येते. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात सुइणी शिकत, दुसऱ्यात डॉक्टरकीचे विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या विभागात सूतिकाज्वराने कितीतरी जास्त बायका दगावत. त्या एप्रिलात तर शंभरांतल्या अठरा गेल्या. सेमेलवाइस यांनी ओळखले, की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींकडे येतात. त्यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले, आणि जूनमध्ये तेच प्रमाण दोनाच्या आसपास आले. ज्या हातांनी सेवा करायची तेच हात मृत्यू घेऊन येऊ शकतात, हा त्याचा धडा.

म्हणून आमच्याकडे नियम असा झाला : ड्यूटीचे कपडे तिथेच बदलायचे, घरी आल्यावर आधी आंघोळ, साबणाने कोपरापर्यंत हात, आणि मगच पाळणा. नखे कापलेली, बोटात अंगठी नाही. हा नियम फक्त परिचारकाने पाळायचा असे नाही बरे का. गोठ्यातून आलेल्या माणसाने, फवारणी करून आलेल्या माणसाने, सर्दीखोकला असलेल्या आत्याबाईंनी, सगळ्यांनीच पाळायचा. बाळ बघायला आलेल्या पाहुण्याला "आधी हात धुवा" म्हणणे आपल्याला अवघड वाटते. ते बायकोच्या किंवा सुनेच्या तोंडून फार वाईट दिसते. बापाने म्हटले तर खपते. तेव्हा हे काम बापाने आपल्याकडे घ्यावे.

आणखीही काही गोष्टी बापाने सांभाळाव्यात. पहिल्या तासात बाळाला अंगावर घेऊ द्यावे. सुरुवातीचा पिवळसर चीक टाकायचा नाही. ती बाळाची पहिली लसच समजा. मध, साखरेचे पाणी, घुटी, बाळकडू यांतले काहीही पहिले सहा महिने द्यायचे नाही, पाणीसुद्धा नाही. नाळेला राख, हळद, तेल लावायचे नाही. ती कोरडी ठेवली की आपोआप गळून पडते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून दारे-खिडक्या लावून घ्यायच्या नाहीत. त्या धुराने दोघांचाही श्वास कोंडतो. ही बोलणी आजीबाईंशी घालावी लागतात. हुज्जत घालू नये, त्यांना हिणवू नये. त्यांनी वाढवलेल्या पोरांतलेच आपण एक आहोत. पण आपले म्हणणे सोडूही नये.

पहिले बेचाळीस दिवस लक्ष कशाकडे द्यायचे? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्राने साऱ्या देशाला दिले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घरच्या घरी घ्यायला शिकवले. त्या गावांतले अर्भकमृत्यू झपाट्याने उतरले. त्याचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला आणि २०११ पासून तीच पद्धत देशभर आशाताईंच्या हाती दिली गेली. दवाखान्यात बाळंतपण झाले असले, तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या येतील तेव्हा बापाने घरात असावे आणि त्या काय बघतात ते बघून घ्यावे. बाळ ओढून पीत नाही, अंग गार किंवा तापलेले आहे, स्वस्थ असताना मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेते, छाती आत खेचली जाते, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, झटके येतात किंवा ते फारच सुस्त पडून आहे, अशा वेळी अंगारा-धुपारा करीत बसायचे नाही. छातीशी धरून, ऊब राखून, सरळ दवाखाना गाठायचा. श्वास मोजायला घड्याळ पुरते. त्यासाठी डॉक्टर व्हावे लागत नाही.

रजेविषयी दोन शब्द. केंद्र सरकारच्या नोकरांना दोन मुलांपर्यंत पंधरा दिवसांची पितृत्व रजा १९९७ पासून मिळते. सर्वांनाच ती मिळते असे नाही, आणि शेतकऱ्याला तर रजा कोण देणार? पण पेरणीच्या दिवसांत एकमेकांच्या वावरात इर्जिक घालण्याची रीत आपल्याकडे आहेच. घरात नवे मूल आले आहे म्हणून शेजाऱ्याने आठ दिवस पाणी धरायला काय हरकत आहे?

मी कामावर परतलो त्याच महिन्यात आमच्याकडे एका शेतकऱ्याचे चार दिवसांचे मूल आणले होते. ते वाचले नाही. तो बाप बाहेर ओसरीवर एकटाच उभा होता. घरची माणसे आईभोवती होती, ते बरोबरच होते. परंतु त्याच्याजवळ कोणी नव्हते. पुरुष आहे, सावरेल, असे आपण धरून चालतो. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. काही बोललो नाही. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "ब्रदर, त्याला थोडा वेळ घेऊ का मी?" मूल दुपट्यात गुंडाळून मी त्याच्या हाती दिले. त्याने जिवंतपणी एकदाही ते उचलले नव्हते. म्हणाला, लहान होतं, माझे हात राकट, म्हणून भ्यालो. श्रोतेहो, त्या राकट हातांना कोणीतरी आधीच सांगायला हवे होते, की भिऊ नकोस, घे. ते सांगणे हे आमच्या कामाचा भाग आहे असे मी तेव्हापासून धरून चालतो. आमच्या वॉर्डात आता बाप दारात उभा दिसला की मी त्याला आत बोलावतो, हात धुवायला लावतो आणि मूल त्याच्या हाती देतो.

शेवटी शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. शाळेत भातुकली मुलींची आणि विटीदांडू मुलांचा, ही वाटणी आपणच पक्की करतो. आठवी-नववीच्या मुलग्यांना बाळ कसे धरावे, मानेला हात कसा द्यावा, श्वास कसे मोजावेत, हे एका तासात शिकवता येते. गावच्या परिचारिकाताईंना किंवा आशाताईंना बोलवा, त्या आनंदाने येतील. आणि एखादा मुलगा म्हणाला, की मला परिचर्या शिकायची आहे, तर वर्गाला हसू देऊ नका. त्याला चरकाचा उपस्थाता सांगा.

आणि ज्यांच्या घरी आज कोणी गरोदर असेल, त्यांनी एवढेच करावे. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी मोफत होते. येत्या नऊ तारखेला शेताचे काम अर्धा दिवस बाजूला ठेवा आणि तिच्याबरोबर जा. दाराशी थांबू नका. आत जा, काय सांगतात ते ऐका आणि वहीत लिहून घ्या. बाप होण्याची सुरुवात तिथूनच होते.